पाहुणी पाल घरात रुळेपर्यंत

"पैसे देऊन पाल आणलीस?" आईचा पहिला प्रश्न हाच होता. आमच्या घरात ट्यूबलाइटमागे पाल दिसली की केरसुणी शोधायची पद्धत. त्याच घरात एक पाल काचेच्या महालात राहणार, तिला वाटीत पावडर कालवून द्यायची आणि मे महिन्यात तिच्यासाठी पंखा चालू ठेवायचा, हे आईच्या पचनी पडायला दोन महिने गेले. आता रात्री साडेदहाला तीच हाक मारते, "उठली का गं कोकम?"

कोकम ही आमची क्रेस्टेड गेको, म्हणजे पालीचीच एक परदेशी जात. रंग वाळलेल्या आमसुलासारखा, म्हणून हे नाव. डोळ्यांवर छोट्या काट्यांची झालर असते, ती लांबून पापणीच्या केसांसारखी दिसते. उघडझाप करणारी पापणी मात्र नाहीच, त्यामुळे डोळा पुसायचा तो जिभेनं. मूळची ही ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरची. 1866 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं, पुढे ती नामशेष झाली असंच शास्त्रज्ञ धरून चालले होते, आणि 1994 मध्ये ती पुन्हा सापडली. नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. म्हणजे आज सातवीतल्या मुलीच्या हट्टाखातर आणली, तर ती मुलगी नोकरीला लागल्यावरही गेको तुमच्याकडेच असणार. हे गणित आधी करा.

पहिल्यांदा गेको आणणाऱ्याला सल्ले मिळतात ते बहुतेक थंड देशांतल्या व्हिडिओंमधून. ते लोक टाकी गरम कशी ठेवायची ते सांगतात. पुण्यात तो धडा उलटा वाचावा लागतो. दुसरी गोष्ट ऐकायला सोपी आणि करायला महाकठीण आहे: पहिले दोन आठवडे तिला हात लावायचा नाही.

आधी कागद

हा भाग रुक्ष आहे, पण टाळू नका. गेको घ्यायला निघालं की लेपर्ड गेको ही दुसरी जात सगळ्यात आधी नजरेत भरते. तिची रानातली भावंडं आपल्या महाराष्ट्रात राहतात, त्यामुळे कोणी "स्वस्तात देतो, गावाकडून आणलीय" म्हणालं की शंकेची पाल चुकचुकलीच पाहिजे. रानातला कुठलाही प्राणी उचलून घरी आणायचा नाही. ईशान्य भारतातल्या टोके नावाच्या पालीच्या भाऊबंदाच्या वाटेलाही जाऊ नका. औषधी असल्याच्या अफवेपायी त्याचा चोरटा व्यापार चालतो आणि त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

परदेशी जातींचं म्हणाल, तर वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली. साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. त्याचे नियम 2024 मध्ये आले आणि नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. या याद्या बदलत राहतात. म्हणून आपली जात त्यात आहे का, हे खरेदीच्या आठवड्यात स्वतः तपासा, दुकानदाराच्या तोंडी भरवशावर राहू नका. पावती घ्या, आणि प्राणी बंदिवासात जन्मलेला असल्याचं लिहून घ्या. जो विक्रेता लिहून द्यायला कां कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

घर आधी, पाल नंतर

मी गेको आणि टाकी एकाच दिवशी आणली. ती चूक तुम्ही करू नका. टाकी निदान आठवडाभर आधी लावून, आत डिजिटल तापमापक आणि आर्द्रतामापक ठेवून, दिवसातून तीनदा आकडे वहीत लिहा. सकाळी आठ, दुपारी चार, रात्री अकरा. या एका वहीनं जेवढं कळतं तेवढं दहा व्हिडिओंनी कळत नाही.

क्रेस्टेड गेको झाडावर राहणारा प्राणी आहे, म्हणून टाकी उभी हवी. मोठ्या गेकोला 45 सेंटीमीटर लांब, तितकीच रुंद आणि 60 सेंटीमीटर उंच एवढी तरी. पिल्लाला याहून लहान, साधारण 30 बाय 30 बाय 45 ची पुरते. फार मोठ्या घरात पिल्लाला वाटीच सापडत नाही, आणि आपल्याला पिल्लू. माशांच्या टाक्या बनवणाऱ्याकडून बनवून घेत असाल तर दार समोरून ठेवा आणि वर बारीक जाळी बसवून घ्या. माशांची टाकी नुसती आडवी-उभी करून चालत नाही, हवा खेळत नाही. शिवाय फटी तपासा. पेन्सिल आत जाईल एवढी फट म्हणजे पिल्लासाठी उघडं दार.

आतलं सामान पुण्यात सहज जमतं. बुरूड आळीतून अंगठ्याएवढ्या जाडीचे बांबूचे तुकडे आणा, कडा कानशीनं घासा, गरम पाण्यानं धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. काही तुकडे तिरपे आणि निदान दोन आडवे बांधा. आडवे महत्त्वाचे आहेत, कारण दिवसभर काचेवर डोकं खाली करून झोपायची सवय लागली तर शेपटीच्या वजनानं कंबरेचं हाड वाकडं होऊ शकतं. झोपायला आडवी फांदी असेल तर बहुतेक गेको ती निवडतात. झाडांमध्ये मनी प्लांट आणि स्नेक प्लांट उत्तम. पण नर्सरीतून आणलेलं झाड थेट आत ठेवू नका. पानं धुवा, खतमिश्रित माती झटकून साध्या मातीत लावा आणि महिनाभर गॅलरीत राहू द्या, म्हणजे फवारणीचा अंश जाईल. तोपर्यंत प्लॅस्टिकच्या वेली चालतात. दिसायला लग्नमंडपासारख्या दिसतात, पण गेकोची तक्रार नसते. तिला फक्त लपायला जागा हवी. टाकीत पाहिल्यावर गेको पटकन दिसली, तर पानं कमी आहेत असं समजा.

तळाला सुरुवातीला कोकोपीट, माती काही नको. साधे टिश्यू पेपर अंथरा. शी झाली का, कशी झाली, हे पांढऱ्या कागदावर लगेच दिसतं आणि नव्या प्राण्याच्या तब्येतीची पहिली बातमी तिथूनच मिळते. महिन्या-दीड महिन्यानंतर हवी तर बाग फुलवा.

एका टाकीत एकच गेको. "एकटी कंटाळेल" ही माणसाची काळजी आहे. दोन नर तर एकमेकांना फाडतात.

पुण्याचा उन्हाळा

आता मुख्य गोष्टीकडे येते. या गेकोला 22 ते 26 अंश सेल्सियस मानवतं. 28 च्या वर ती अस्वस्थ होते आणि तिशीच्या पुढे तासन् तास राहिलं तर जिवावर बेतू शकतं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, हे तुम्हाला सांगायला नको. विक्रेत्यानं मला टाकीबरोबर गरम करायची चटईही दिली होती. ती आजतागायत खोक्यातून बाहेर निघालेली नाही. थंडीत बाहेर दहा अंश असले तरी बंद फ्लॅटमध्ये सहसा अठराच्या खाली जात नाही, आणि रात्री तेवढा गारवा तिला चालतो. तुमचं घर खरंच फार गार पडत असेल तरच कमी शक्तीच्या हीटरचा विचार करा, आणि तोही थर्मोस्टॅटशिवाय नाही.

पहिल्या उन्हाळ्यात माझी टाकी पश्चिमेच्या भिंतीला, पुस्तकांच्या कपाटावर होती. एका दुपारी चार वाजता ऑफिसातून लवकर आले तर मापकावर 31. कोकम कधी नव्हे ती तळाला, कागदावर सपाट पडलेली, तोंड किंचित उघडं. मी घाबरून फ्रीजमधलं पाणी शिंपडायला निघाले होते. असं करू नका, एकदम गार करणंही घातक. टाकी उचलून मधल्या खोलीच्या फरशीवर ठेवली, साधं पाणी फवारलं, पंखा लावला. तासाभरात ती फांदीवर चढली. त्या दिवशी कळलं की एकाच घरात कपाटाच्या माथ्यावर आणि जमिनीलगत तीन अंशांचा फरक होता.

म्हणून जागा निवडताना पूर्वेची किंवा मधली खोली, खालचा कप्पा, आतली भिंत. ऊन थेट काचेवर पडता कामा नये, सकाळचं कोवळंही नाही, कारण बंद काच म्हणजे भट्टी. फ्रीजवर आणि टीव्हीशेजारी तर मुळीच नको. सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली राहत असाल आणि कूलर किंवा एसी नसेल, तर मी स्पष्टच सांगते, ही जात घेऊ नका.

माझा आवडता उपाय माठाचा आहे. कुंभारवाड्यातून तळहाताएवढं, आतून-बाहेरून कच्चं, रंग न दिलेलं मडकं आणा. काठाला तीन बोटांची खाच पाडून घ्या, कड घासा, रात्रभर पाण्यात भिजवा आणि टाकीत पालथं ठेवा. मातीतून पाणी उडत राहतं आणि मडक्याच्या आत गारवा टिकतो. माझ्याकडे दोन मडकी आहेत, एक आत आणि एक बादलीत, रोज अदलाबदल. फार तापलं तर पाण्याची बाटली गोठवून, पंच्यात गुंडाळून जाळीवर ठेवते, थंड हवा आपोआप खाली उतरते. गुरुवारी वीज जाणार हे पुणेकराला पाठ असतं, तेव्हा बुधवारी रात्रीच दोन बाटल्या फ्रीजरमध्ये टाका. कूलर खोलीत असेल तर चांगलंच, ओलावाही मिळतो. एसीची हवा कोरडी असते, तेव्हा फवारा वाढवा.

आणायचा दिवस

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आणा. झाकणाला भोकं पाडलेला छोटा डबा, आत किंचित ओला टिश्यू, वरून कापडी पिशवी. डबा मांडीवर किंवा हातात. दुचाकीच्या डिकीत कधीही नाही. दुपारी डिकीत हात घालून पाहा, कारण वेगळं सांगावं लागणार नाही. आम्ही रिक्षानं आलो. रिक्षावाल्या काकांनी "काय आहे?" विचारलं, मी "पाल" म्हटलं, आणि पुढचं सगळं अंतर ते आरशातून डब्याकडेच बघत होते.

घरी आल्यावर डबा उघडून टाकीत आडवा ठेवा आणि दार लावून घ्या. ती आपणहून बाहेर येईल, दहा मिनिटांत किंवा मध्यरात्री. ओढून काढायचं नाही. फोटो काढायचेच तर फ्लॅश नको. त्या संध्याकाळी शेजारच्यांना बोलावून दर्शनाचा कार्यक्रम ठेवू नका.

पहिले पंधरा दिवस

पहिले तीन दिवस टाकीच्या तीन बाजूंना कागद किंवा साडीचा जुना तुकडा लावा. काचेपलीकडे माणसं, पंखा, टीव्ही हलताना दिसणं थांबलं की ती लवकर शांत होते. रोज फक्त तीन कामं: संध्याकाळी पाणी फवारणं, वाटी बदलणं, घाण झालेला कागद उचलणं. हालचाली सावकाश, आणि हात वरून झडप घातल्यासारखा आत न्यायचा नाही.

फवारा संध्याकाळी चांगला सढळ हातानं मारा, सकाळी हलका. गेको वाटीतून क्वचित पिते, पानांवरचे थेंब चाटते. फवाऱ्यानंतर आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास जाते आणि दिवसभरात पन्नासपर्यंत उतरते, हे चक्र चांगलं. सतत चिंब ठेवलं की बुरशी येते. एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा तिशीच्याही खाली सुकते, तेव्हा दुपारी एक जादा फवारा. पाणी फिल्टरचं घ्या, म्हणजे काचेवर क्षारांचे डागही पडत नाहीत.

आणि आता सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट. ती खाणार नाही. नव्या घरी आलेली गेको आठ-दहा दिवस वाटीला तोंड न लावणं नेहमीचं आहे, कधी दोन आठवडेही जातात. कोकमनं पहिले सहा दिवस वाटी जशीच्या तशी ठेवली. सातव्या रात्री साडेअकराला दिवे मालवून मी जमिनीवर बसले होते. बांबूवरून ती एकेक पाऊल मोजत खाली आली, वाटीच्या काठावर थांबली, आणि बारीक गुलाबी जीभ दोनदा बाहेर आली. बस, दोनदाच. सकाळी वाटीतल्या पेस्टवर मोहरीच्या दाण्याएवढे दोन खड्डे होते. असे खड्डे टॉर्च तिरपा धरून शोधायचे असतात, वरून पाहिलं तर वाटी भरलेलीच दिसते. पेस्टच्या कडेला पावलांचे ठसे असतील तर तीही चांगली खूण.

रंगाचंही घाबरू नका. दिवसा फिकी आणि रात्री गडद, असा तिचा रोजचा क्रम आहे. आईला वाटलं होतं मी पाल बदलून आणली.

उपाशी राहण्यापेक्षा वजन पाहणं महत्त्वाचं. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. पण पहिलं वजन शक्यतो विक्रेत्याकडेच करून घ्या, म्हणजे घरी आल्यावर लगेच पकडावं लागत नाही. नंतर दर आठवड्याला एकदा, तिला डब्यात चढू देऊन. थोडं घटेल आणि मग स्थिरावेल. घटतच राहिलं तर डॉक्टर.

खाणं

यात फार डोकं लावू नका. क्रेस्टेड गेकोसाठी तयार पावडर मिळते, फळं, प्रथिनं, जीवनसत्त्वं सगळं तिच्यात असतं. एक भाग पावडर, दोन भाग पाणी, टोमॅटो सॉसइतकं दाट. पिल्लाला रोज, मोठीला आठवड्यातून तीनदा. रात्री ठेवायचं आणि सकाळी फेकायचं, उन्हाळ्यात तर नक्कीच, नाहीतर आंबतं. वाटी जमिनीवर ठेवण्यापेक्षा मध्यावर, फांदीच्या उंचीला अडकवली तर ती लवकर सापडते. माणसांच्या बाळांसाठी मिळणाऱ्या फळांच्या खाद्यावर तिचं भागत नाही.

पावडरबरोबर आठवड्यातून एक-दोनदा पाळीव रातकिडे. आकार तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको, आणि द्यायच्या आधी कॅल्शियम व डी-3 जीवनसत्त्वाच्या पावडरमध्ये घोळवून. सोसायटीच्या बागेतले किडे पकडून देऊ नका, त्यांच्यावर फवारणी झालेली असते. फळ हे चवीपुरतं: अंजीर, पपई, आणि मे महिन्यात हापूसचा नखाएवढा गर. संत्रं, मोसंबी, लिंबू वर्ज्य.

हातावर घेणं

पंधरा दिवस झाले, ती खाते आहे, शी करते आहे, मग सुरुवात करा. जमिनीवर चटई टाकून बसा, खोलीचा पंखा बंद करा, दार-खिडक्या लावा. पंखा विसरू नका, ही उडी मारते आणि कुठे मारेल याचा नेम नसतो. तळहात तिच्या समोर, छातीच्या खालच्या पातळीवर धरा आणि मागून दुसऱ्या बोटानं अलगद स्पर्श करा. ती हातावर चढली की दुसरा हात पुढे, मग पहिला, जणू शिडी संपतच नाही. पाच मिनिटं पुरे. आठवड्यातून दोन-तीनदा. वरून चिमटीत पकडणं तर कधीच नाही.

कारण शेपूट. आपल्या घरातल्या पालीची तुटलेली शेपटी परत येते, तसं इथे होत नाही. क्रेस्टेड गेकोची शेपूट एकदा गळली की कायमची. घाबरली, पकडली गेली, दारात सापडली, की ती सोडून देते. झालंच असं, तर रक्त फार येत नाही. हळद, मलम, काही लावू नका. तळाला स्वच्छ टिश्यू, दोन आठवडे हात लावायचा नाही, जखम आपोआप मिटते. सुजली किंवा पू दिसला तरच डॉक्टर. बिनशेपटीची गेको मजेत जगते.

हाताळल्यावर आपले हात साबणानं धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, प्राणी ठणठणीत असला तरी. वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि खूप म्हाताऱ्या माणसांनी तिला हाताळू नये.

धूर, ढोल आणि पाऊस

टाकीच्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विडची मशीन, झुरळांचा स्प्रे, धूप, उदबत्ती, काही नको. कीटकनाशकं सरपटणाऱ्या प्राण्यांना झेपत नाहीत. घराचं पेस्ट कंट्रोल असेल तेव्हा तिची रवानगी दुसऱ्या घरी. गणपतीत ढोल-ताशा पथक खिडकीखालून जाणार असेल तर टाकी आतल्या खोलीत नेऊन खाली जाड घडीची सतरंजी घाला, आवाजापेक्षा जमिनीचा हादरा तिला जास्त लागतो असा माझा अनुभव आहे. दिवाळीतही तेच. पावसाळ्यात पुण्याची हवा स्वतःच दमट असते, तेव्हा फवारा निम्म्यावर आणा. कात टाकताना बोटांच्या टोकांना कातडीची वळी राहिली तर ओल्या टिश्यूच्या डबीत वीस मिनिटं ठेवून कापसाच्या काडीनं हलकेच सोडवा, नाहीतर बोट सुकून गळतं. कात ती स्वतःच खाते, त्यामुळे सापडली नाही तर शोधत बसू नका.

डॉक्टर आधी शोधा

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण सरपटणारे प्राणी तपासणारे मोजकेच. गेको आणण्याआधी फोन करून "तुम्ही गेको पाहता का?" एवढं विचारून ठेवा. जबडा मऊ पडणं, पाय थरथरणं, भिंतीवरची पकड सुटणं ही कॅल्शियम कमी पडल्याची लक्षणं. डोळे खोल जाणं म्हणजे पाणी कमी. यांत घरगुती उपाय करत बसू नये.

आल्यावर महिन्याभरात शीची तपासणी करून घ्या, जंत असतील तर तेव्हाच कळतात. नमुना ताजा हवा, त्याच दिवशी पोचवणं जमलं नाही तर रात्रभर फ्रीजमध्ये टिकतो. डबी घट्ट झाकणाची घ्या, दोन पिशव्यांत गुंडाळा, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा. मी लिहिलं नव्हतं. श्रीखंडाची रिकामी डबी होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई हातात चमचा घेऊन फ्रीजपाशी उभी होती.